घर कोण सांभाळणार?

1958 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत एका नवऱ्याचे पत्र झळकले. बायकोने पुन्हा निवडणूक लढवू नये, राजकारण सोडून घरी यावे, अशी त्यात मागणी होती; शिवाय तिच्या चारित्र्यावर शिंतोडेही होते. ‘कोया, घरी ये’ हे शब्द देशभर गाजले. ही बायको म्हणजे मिनेसोटाच्या खासदार कोया क्नूटसन. त्या वर्षी देशात डेमोक्रॅटिक पक्षाची लाट होती. त्या लाटेतही कोया सुमारे 1,400 मतांनी पडल्या. पक्षाच्या विद्यमान खासदारांपैकी रिपब्लिकन उमेदवाराकडून पराभूत झालेल्या त्या एकट्याच.

कोयांचे चरित्र या पत्रापाशी संपवण्याची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते.

नॉर्थ डाकोटातल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या घरी 1912 मध्ये त्या जन्मल्या. पुढे शिक्षिका झाल्या. लग्नानंतर मिनेसोटातल्या ओक्ली या छोट्या गावात नवऱ्याबरोबर हॉटेल चालवले. 1954 मध्ये पक्षाने काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, दुसऱ्याच उमेदवाराला पसंती दिली, तेव्हा त्या पक्षांतर्गत निवडणुकीत उतरल्या आणि जिंकल्या. प्रचारात त्या अकॉर्डियन वाजवून गाणी म्हणत आणि शेतमालाच्या भावावर बोलत.

वॉशिंग्टनमध्ये त्यांनी कृषी समिती मागितली. त्या समितीवर तोवर एकही स्त्री नव्हती. समितीच्या अध्यक्षांची नाखुषी होती, पण सभापती सॅम रेबर्न यांनी त्यांना जागा मिळवून दिली. शेतावर दूध काढणे, कोंबड्या पाळणे, पिकाच्या दिवसांत राबणाऱ्यांना रांधून घालणे, ही कामे बाईची म्हणताना कुणी अडखळत नाही. त्याच शेतीचे धोरण ठरवायला ती बसली, की मात्र तिची लायकी तपासली जाते. कोयांच्या मागण्या पाहा. शिल्लक धान्य गरिबांच्या घरात पोचावे, शाळेत जेवण आणि लहान मुलांना फुकट दूध मिळावे. शेतकऱ्याचा न खपलेला माल आणि रिकामे ताट यांची सांगड घालण्याची ही दृष्टी शेत आणि चूल दोन्ही पाहिलेल्या माणसाची आहे.

विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळावे, यासाठी त्यांनी 1956 पासून धडपड केली. पुढच्या वर्षी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला, अमेरिका हादरली आणि 1958 च्या शिक्षण कायद्यात ही योजना आली. गरीब घरांतल्या असंख्य मुलांचे कॉलेज त्यामुळे झाले.

नवरा दारू पिई, मारहाण करी. प्रचाराच्या ऐन धामधुमीतही कोयांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली नाही. घरची अब्रू राखण्याची किंमत त्यांनी एकटीने मोजली. पत्र आपले नव्हते, दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरावर आपण सही केली, असे नवऱ्याने पुढे चौकशीत सांगितले. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला पटत नाही. 1956 मध्ये अध्यक्षपदासाठी कोयांनी पक्षनेत्यांना नको असलेला उमेदवार उचलून धरला होता, आणि तो राग नेत्यांनी विसरलेला नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा प्रचार तर ‘मर्दाच्या कामाला मोठा माणूस’ अशा थाटाचा होता. नवऱ्याची सही हे निमित्त. तिला वजन दिले ते मतदारांनी आणि पक्षाने.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. तरी खुर्चीत बाई आणि कारभारात ‘सरपंचपती’ हे चित्र अनेक गावांत दिसते. तिथेही घराची परवानगी हीच बाईच्या अधिकाराची पहिली अट मानली जाते. पुरुष खासदार झाला तर घर कोण सांभाळणार, असे त्याला कोणत्या सभेत विचारले गेले?

कोया 1996 मध्ये वारल्या. त्यांच्यानंतर मिनेसोटाने काँग्रेसवर दुसरी स्त्री निवडून पाठवली ती 2000 साली.