शंख कुणाचा, सरदारकी कुणाची?

विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ च्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुलं हिंसेकडे घसरत जातात. माणसात पाप उपजतच असतं का, हा तिचा मूळ प्रश्न.

पण त्या मुलांमधल्या पिगीकडे नीट पाहा. दमेकरी, चष्मेवाला, मिठाईचं दुकान चालवणाऱ्या आंटीकडे वाढलेला, बोली कष्टकऱ्यांची. सभेला बोलावणाऱ्या शंखाचं मोल तो ओळखतो, सरदार मात्र राल्फ नावाचा दुसरा मुलगा होतो. आग पेटते पिगीच्याच चष्म्यानं, तरी त्याचं खरं नाव कुणी विचारत नाही. ही उतरंड बेटावर उगवलेली नाही. मुलांनी ती घरूनच आणली. सगळा दोष उपजत पापावर ढकलता येत नाही.

कादंबरीबाहेर तर उलटच घडलं. १९६५ मध्ये टोंगातली सहा मुलं खरोखरच आटा बेटावर अडकली. त्यांनी कामं वाटून घेतली, एकाचा मोडलेला पाय बांधून बरा केला. १९६६ मध्ये सुटका झाली, तेव्हा सहाही जण जिवंत होते.