दादा, तू जिंकलास



आजचं वाचन: १ करिंथ २:१-५

हा भाग कितीतरी वेळा वाचलाय, पण या आठवड्यात तो टोचला. का ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ नोकरीसाठी पुण्यात आला आणि माझ्याकडेच राहिला. तोही इंजिनीअर. लहानपणी संडे स्कूलला जायचा, पुढे सगळं सुटलं. रात्री जेवणं झाली की आमचा वाद सुरू. देव आहे कशावरून? पुनरुत्थान खरं कशावरून? मी पुस्तकं वाचून तयारी करायचो. त्याचे प्रश्न आणि माझी उत्तरं यांची एक एक्सेल शीटसुद्धा होती (हसू नका!). शेवटी एका रात्री तो म्हणाला, "दादा, तू जिंकलास." पुढच्या रविवारपासून तो माझ्यासोबत उपासनेला येऊ लागला. मी मंडळीत साक्ष दिली. आज आठवतं, त्या साक्षीत प्रभूपेक्षा माझंच नाव जास्त होतं.

गेल्या महिन्यात बंगळुरूहून त्याचा फोन आला. "दादा, तुझ्या सगळ्या मुद्द्यांना उत्तरं सापडली मला. मी आता चर्चला जात नाही." रागाने नाही, एखादा बग क्लोज केल्यासारखं शांतपणे सांगितलं.

मी काय केलं असेल? ती शीट उघडली. रात्री दोनपर्यंत नवी उत्तरं शोधत बसलो. सकाळी वाचनाला बसलो तर समोर हा अध्याय.

करिंथ म्हणजे साधं गाव नव्हे. रोमी सैन्याने ते इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने पुन्हा वसवलं. दोन बाजूंना दोन बंदरं, व्यापार, नवा पैसा. छान बोलणाऱ्याला तिथे मोठा मान. मंडळीतही गट पडले होते, कुणी पौलाचा तर कुणी अपुल्लोसाचा. अपुल्लोस तर नावाजलेला वक्ताच! म्हणजे माणसाच्या बोलण्यावर विश्वास टेकवायचा आजार तेव्हापासूनचा आहे.

आणि अशा शहरात पौल म्हणतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेलो होतो, थरथरत होतो. मला हे पूर्वी नम्रतेचं बोलणं वाटायचं. पण प्रेषितांची कृत्ये १८:९ बघा. करिंथमध्येच प्रभूला रात्री दर्शनात येऊन त्याला सांगावं लागलं की भिऊ नकोस. म्हणजे तो खरोखर घाबरला होता. तरी दीड वर्ष राहिला, तंबू शिवत, वचन शिकवत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. काही जण या वचनावरून म्हणतात, विश्वासात डोकं वापरायचंच नाही. मला ते पटत नाही. पौल दर शब्बाथी सभास्थानात वाद घालत होता, तेही करिंथमध्येच. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवणं हे या वचनात कुठेही नाही. प्रश्न आहे तो वजन कशावर ठेवायचं याचा. चौथ्या वचनात प्रमाण या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, आपोडेइक्सिस, तो तर्कशास्त्राचा आणि वक्त्यांचा शब्द. नाकारता येणार नाही असा पुरावा. पौल तोच शब्द उचलतो, पण तो पुरावा आत्म्याचा आणि सामर्थ्याचा म्हणतो. आणि सांगायला काय, तर वधस्तंभावर मेलेला येशू. वादात हा मुद्दा कोण पुढे करेल? मी तरी केला नव्हता.

माझ्या भावाच्या विश्वासाची सगळी डिपेंडन्सी माझ्यावर होती. माझ्यापेक्षा हुशार माणूस भेटला, संपलं.

पंडिता रमाबाईंची आठवण झाली. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या विद्वानांनी दिलेली ही बाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की काही वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. मग केडगावचं मुक्ती मिशन आपण जाणतोच. हे वाचून भावाबद्दल धीर आला, आणि स्वतःबद्दल भीतीही वाटली.

परवा त्याला फोन केला. म्हटलं, आज मुद्दे नाहीत. त्याला ते सांगितलं जे कधीच सांगितलं नव्हतं. तो पुण्याला यायच्या आधीच्या वर्षी माझी नोकरी गेली होती, झोप उडाली होती. एका रात्री छातीत धडधडायला लागलं. किचनच्या फरशीवर बसून प्रार्थनासुद्धा जमेना, फक्त 'येशू, येशू' एवढंच तोंडातून निघत होतं. आणि तो आला. कसा ते मला आजही समजावता येत नाही. शीटमध्ये त्याला कॉलमच नव्हता.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"बघू दादा," म्हणाला आणि फोन ठेवला. अजून तो चर्चला गेलेला नाही.

प्रभू, मी त्याला माझ्याकडे आणलं होतं. आता तू स्वतः त्याच्याकडे जा. आमेन.