रोवणीचे चित्र

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे हलका धान कापणीला आलेला असतो. अशा वेळी रोवणीची गोष्ट काढणे म्हणजे लग्नाच्या मांडवात बारशाची आठवण काढण्यासारखे आहे. पण गेल्या आषाढात माझ्या वर्गात एक प्रकार घडला आणि तो काही केल्या मनातून जात नाही. फराळाचे ताट पुढे असले म्हणजे माणूस जरा सहनशील होतो, म्हणून आताच सांगून टाकतो.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यावर चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री, घर निजल्यावर. त्या दिवशी सातवीला 'रोवणी' हा विषय दिला होता. एरवी खिडकीतून बाहेर पाहिले असते तरी भागले असते, पण पाऊस असा कोसळत होता की समोरची बांधीदेखील दिसत नव्हती. मी म्हटले, महाजालावर मोफत चित्रांची भांडारे आहेत, तिथे पाहू. एका मुलीने माझ्या फोनवर 'रोवणी' असे लिहिले. काही आले नाही. तिला पुस्तकातला शब्द आठवला. तिने 'लावणी' लिहिले, आणि पायांत चाळ बांधलेल्या नऊवारीतल्या नर्तकी पडद्यावर उभ्या राहिल्या! वर्गात हशा पिकला. शेवटी मीच इंग्रजी शब्द घातला. मग काय विचारता, चिखलात वाकलेल्या बायांची चित्रे भराभर येऊ लागली. त्यांतले एक तर आमच्याच शिवारातले वाटावे असे: खोचलेले लुगडे, हातात पऱ्ह्यांची पेंढी, मागे मोहाचे झाड. ती मुलगी म्हणाली, "सर, आपली रोवणी इंग्रजीतच होते का जी?"

मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न माझ्या पाटाशेजारी येऊन बसला.

अशा भांडारांपैकी एक मोठे भांडार म्हणजे विकिमीडिया कॉमन्स. ते २००४ च्या सप्टेंबरात सुरू झाले आणि आज त्यात दहा कोटींहून अधिक चित्रे व इतर फिती आहेत. जगभरच्या हौशी माणसांनी आपापली छायाचित्रे तिथे ठेवली आहेत. कोणीही ती घ्यावीत, पुस्तकात छापावीत, दुकानाच्या पाटीवरदेखील लावावीत. बहुधा अट असते ती काढणाऱ्याचे नाव देण्याची. इतके निरपेक्ष देणे मला तरी दुसरे ठाऊक नाही. परंतु तिथल्या कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या प्रघाताने इंग्रजीत असतात. मग मला असा प्रश्न पडतो की जे नावाने मागता येत नाही ते दिले असे म्हणावे का? पंगतीत सगळ्यांना बोलावले, मुबलक रांधले, पण वाढप्याला एकच भाषा समजते. ती न येणारा माणूस रित्या पत्रावळीवर बसून राहिला, तर यजमान उदार होता हे खरेच, पण तो माणूस जेवला नाही हेही तितकेच खरे.

माझे एक स्नेही तांदळाच्या गिरणीवर हिशेब पाहतात. त्यांना हे मुळीच पटले नाही. ते म्हणाले, "गुरुजी, एक इंग्रजी शब्द शिकायला किती खर्च येतो? शिकू द्या की पोरांना." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सर्वांना सामाईक असा एक शब्द असला म्हणजे व्यवहार सोपा होतो, आणि पोरांनी इंग्रजी शिकू नये असे मी कुठे म्हणतो? पण तो एक शब्द शोधायला आधी शब्दकोश लागतो, शब्दकोशात पाहायला प्रमाण मराठी शब्द लागतो, आणि त्या मुलीची गाडी नेमकी तिथेच रुतली होती. कोकणात शेतात उभे असते ते भात. आमच्याकडे शेतात असतो तो धान, आणि भात फक्त ताटात. त्यांची ती लावणी, आमची ती रोवणी. एकाच चिखलातल्या कामाला दोन नावे, आणि त्यातले एक नाव तमाशाच्या फडावरही चालते!

या गोंधळावर उपाय काढणारी माणसे मोठी कल्पक म्हटली पाहिजेत. २०१२ साली विकिडेटा नावाची एक खातेवही उघडली गेली. तिच्यात प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाखाली जगातल्या शेकडो भाषांतली नावे लिहिता येतात. एका भाषेत एकाहून अधिक नावे असली तर तीही मांडता येतात. मोहाचे झाड निराळ्या क्रमांकाचे, मनाला पडणारा मोह निराळ्या क्रमांकाचा. २०१९ पासून कॉमन्सवरच्या चित्राला 'यात अमुक आहे' असे त्या क्रमांकाने सांगता येते, आणि निरनिराळ्या भाषांत मथळेही देता येतात. क्रमांक एकदा जोडला की मराठीतून शोधणाऱ्याला नि जपानीतून शोधणाऱ्याला एकच चित्र सापडू शकते. क्रमांकाला जात नाही, प्रांत नाही, त्याचा उच्चार चुकीचा म्हणून कोणी हसत नाही, हे मला फार आवडले.

कोणी म्हणेल, आता यंत्रेच चित्र पाहून त्यातले ओळखतात, मग हा खटाटोप कशाला? पण यंत्र तरी शिकले ते कोणीतरी चित्राखाली लिहून ठेवलेल्या शब्दांवरूनच. 'रोवणी' कोणी लिहिलेच नसेल, तर यंत्राने तो शब्द आणावा कुठून?

आमच्या नवेगावबांधला वनखात्याच्या नोकरीत राहिलेले मारुती चितमपल्ली (ते २०२५ च्या जूनमध्ये गेले) हे काम वेगळ्या रीतीने करीत होते. जंगलात राहणाऱ्यांकडून ते शब्द गोळा करीत. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणायचे हे त्यांनीच आपल्याला शिकवले. ज्याला नाव नाही ते दिसूनही दिसत नाही, असे त्यांचे लेखन वाचताना मला नेहमी वाटे.

आणि मी काय करीत होतो? हे लिहिताना हात जरा अडखळतो. वीस-बावीस वर्षे मी मुलांच्या चित्रांखालच्या ओळी लाल शाईने सुधारत आलो आहे. 'धान' खोडून 'भात', 'रोवणी' खोडून 'लावणी'. शुद्ध लिहावे, एवढाच माझा हेतू. इंग्रजीने मराठीचे जे केले म्हणून मी चारचौघांत हळहळतो, तेच मी झाडीबोलीचे वर्गात करीत होतो, तेही पगार घेऊन.

सालेकशाकडचा एक मुलगा मला आठवतो. त्याच्या घरी गोंडी बोलत. त्याने एका पक्ष्याचे सुरेख चित्र काढले आणि खाली आपल्या घरचा शब्द लिहिला. मी म्हटले, "असे नाव नसते." त्याने मुकाट्याने शब्द खोडला. पुढे दोन वर्षे तो उत्तम चित्रे काढीत राहिला, पण खाली काही लिहीत नसे. तो शब्द मला आज आठवत नाही. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. संगणकाच्या जागतिक वर्णसंचात ती यायला २०१७ साल उजाडले. त्या नव्याण्णव वर्षांतली काही वर्षे माझ्या वर्गातही गेली.

या पावसाळ्यात मी आणि मुलांनी स्वतः काढलेली काही छायाचित्रे कॉमन्सवर चढवली. रोवणीची, बोडीची, मोहाची, आणि एक सारसाच्या जोडीचे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे. ज्यांच्या बांधीत ती जोडी होती ते शेतकरी म्हणाले, "फोटो टाका, नाव टाका, पण कोठे आहे ते टाकू नका जी." फोन चित्रात जागासुद्धा गुपचूप नोंदवून ठेवतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. आम्ही ती नोंद आधी पुसली, मग चित्र चढवले. सर्वांना सगळेच सापडावे, हा माझा नवा उत्साह त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात जागेवर आणला.

मग मथळे लिहायला बसलो. मराठीत 'धानाची रोवणी' लिहिले. पुसले नाही. पुढे कंसात 'भातलावणी' हेही लिहिले, कोकणातल्या मुलांसाठी. हिंदी एका मुलाने सांगितले, इंग्रजी मी. सारसाच्या चित्राखाली गोंडीत काय लिहायचे, येथे सगळे थांबले. वर्गात तीन मुलांच्या घरी गोंडी बोलतात. तिघेही माझ्याकडे बघत राहिले, आणि कोणीच बोलेना.

त्या सालेकशाच्या मुलाचा नंबर मी मिळवला. तो आता पस्तिशीला आला आहे, रायपूरकडे रंगकाम करतो. मी त्याला त्या चित्राची आठवण दिली. "हो जी, तो सारसच होता," तो म्हणाला. मग जरा थांबला. "शब्द मात्र नाही आठवत, सर. आईला विचारून सांगतो. दिवाळीला गावी येईन."