दोन दिवस बघू

दोन वर्षांपूर्वी आईला चक्कर यायला लागली. सकाळी अंथरुणातून उठली की भिंत धरायची, आणि एकदा न्हाणीघरात पडलीच. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाचे तज्ज्ञ वेगळे, मधुमेहाचे वेगळे, गुडघ्याचे तिसरे. एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं तर मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि दोन दिवस भरती, असा बेत निघाला. भरती करण्याआधी सहज म्हणून आम्ही सांगलीतल्या गावभागात, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "काकू, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. मागच्या वर्षीच्या असल्या तरी चालतील."

पिशवी आणली. त्यांनी ती टेबलावर उपडी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक पाकीट डोळ्यांजवळ नेऊन मागची बारीक अक्षरं वाचत बसले. बाहेर बाकावर सात-आठ माणसं खोकत होती. दहाएक मिनिटांनी त्यांनी दोन पाकिटं शेजारी-शेजारी ठेवली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंगही वेगळे, आत औषध एकच: अम्लोडिपिन. दोन तज्ज्ञांनी आपापल्या परीनं रक्तदाबाची गोळी दिली होती आणि आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती. मग त्यांनी तिला निजवून रक्तदाब मोजला, उभं करून पुन्हा मोजला. उभं राहिल्यावर तो धाडकन खाली येत होता. एक पाकीट त्यांनी बाजूला काढलं, दोन्ही तज्ज्ञांना दाखवायला एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "दोन दिवस बघू. मला फोन करा."

मी पैसे काढले. ते म्हणाले, "कशाचे? औषध कुठे दिलंय?"

चक्कर थांबली, ही गोष्ट अर्थात आनंदाची. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घराला त्या वर्षी मिळालेली सगळ्यात मोलाची वैद्यकीय सेवा फुकट मिळाली होती, आणि ती फुकट मिळाली याचं कारण डॉक्टरांचा मोठेपणा एवढंच नव्हतं. त्या सेवेला आपल्याकडे भावच नाही. दवाखान्यावरच्या पाटीवर ईसीजी आहे, शुगर तपासणी आहे, नेब्युलायझर, ड्रेसिंग, मेडिकल सर्टिफिकेट सगळं आहे, आणि त्या प्रत्येकाचे पैसे ठरलेले आहेत. पिशवी उपडी करून वाचत बसण्याचे पैसे काय लावणार?

याची मुळं जुनी आहेत. आमच्या डॉक्टरांचे वडीलही डॉक्टर होते, एल.सी.पी.एस. त्यांच्या वेळी कंपाउंडर खिडकीत उभा राहून लाल मिक्श्चर बाटलीत ओतायचा आणि बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा. एक कंगोरा म्हणजे एक डोस. बरोबर पांढऱ्या पुड्या. पैसे द्यायचे ते 'औषधाचे'. तपासणं, विचारणं, समजावणं हे सगळं त्या बाटलीच्या किमतीत मुरलेलं असायचं. गरीब माणसाला ही रीत सोयीची होती, कारण त्याला वेगळी फी दिसत नसे आणि हातात काहीतरी मिळाल्याचं समाधान होई. पण त्यातून एक सवय अंगात भिनली. डॉक्टरचा सल्ला फुकट आणि वस्तूचे पैसे. बाटली गेली आणि तिच्या जागी सुई आली, सलाईन आलं, आता रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज आलं. हिशोब मात्र तोच राहिला.

आपण नेहमी डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडतो की उगाच सुया टोचतात. टोचतात हे खरंच आहे. पण संध्याकाळी त्या बाकावर बसून ऐका. गवंडीकाम करणारा माणूस सांगत असतो, "एक सुई मारा डॉक्टर, उद्या कामावर जायचंय." त्याचं चूक नाही. एक दिवस बुडाला तर एका दिवसाची मजुरी जाते, ती त्याला कोण देणार? "हा व्हायरल ताप आहे, तीन दिवसांत आपोआप उतरेल, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या," हा वैद्यकशास्त्रातला अगदी योग्य सल्ला त्याच्या कानाला 'डॉक्टरला काही जमलं नाही' असा ऐकू येतो. तो उठून पुढच्या चौकात जातो. तिथं सुईही मिळते आणि सलाईनही. गुण कुणाला येतो? अर्थात पुढच्या चौकातल्याला, कारण ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो. हाताला गुण असण्याच्या कितीतरी कीर्ती अशा तिसऱ्या दिवशी उभ्या राहिल्या आहेत.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे, हे सांगायला डेंग्यूचं उदाहरण पुरेसं आहे. डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांना भरतीची गरज पडत नाही. पण ज्यांना पडते त्यांची खरी परीक्षा ताप उतरताना सुरू होते, नेमकी घरच्यांना 'सुटलो' असं वाटतं तेव्हा. पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र असली तरी निघायचं. अंगदुखीसाठी ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन मनानं घ्यायचं नाही. एवढं नीट समजावून सांगणारा डॉक्टर जेव्हा "दोन दिवस बघू" म्हणतो, तेव्हा तो घरच्यांना पहाऱ्यावर बसवत असतो. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. सुई द्यायला एक.

मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 साली तिथं मिशन रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकापर्यंतची माणसं रेल्वेनं मिरजेला येत आली आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या खिशात आपल्या गावच्या डॉक्टरची चिठ्ठी असेल! चिठ्ठी ही गल्लीतल्या दवाखान्याची दुसरी मोठी सेवा. कुठल्या तज्ज्ञाकडे जायचं, कधी जायचं, आणि शस्त्रक्रिया सांगितली तर लगेच हो म्हणायचं की आणखी एकाचं मत घ्यायचं, हे सांगणारा तटस्थ माणूस. तो तटस्थ असला तर. कारण याच चिठ्ठीला कीड लागली. 'कट' हा शब्द आता मराठी घरांत समजावून सांगावा लागत नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 'कैफियत'मध्ये डॉक्टरांनाच बोलतं करून या व्यवहाराचं आतलं चित्र मांडलं. 2017 साली कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदा राज्यात तयार झाला, तो मसुदाच राहिला. माझं म्हणणं असं की कट ही नुसती नीतीची बाब नाही. ज्या माणसाच्या निर्णयाला आपण एक रुपया मोजत नाही, त्याच निर्णयाला रुग्णालय आणि लॅब भरभक्कम किंमत द्यायला तयार असतात. त्याही स्थितीत जे चोख राहिले त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण चांगली व्यवस्था माणसाच्या संतपणावर उभी करता येत नाही.

ऑगस्ट 2019च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. दवाखान्यात पाणी शिरलं आणि डॉक्टरांच्या वडिलांपासूनचे केसपेपर लगद्यासारखे झाले. पाणी ओसरल्यावर त्यांनी बाहेर टेबल टाकलं आणि काम सुरू केलं. मी आईला घेऊन गेले तेव्हा त्यांनी कागद न बघता विचारलं, "सल्फाची ॲलर्जी तुम्हाला की तुमच्या बहिणीला?" (मावशीला. ती निपाणीला असते.) या स्मरणशक्तीचा मला तेव्हा अचंबा वाटला, आता थोडी भीतीही वाटते. इतकी माहिती एका माणसाच्या डोक्यात असणं ही सोयही आहे आणि जोखीमही. ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. मुलगा पुण्यात रेडिओलॉजिस्ट आहे.

आपल्याला ओळखणारा डॉक्टर असणं ही हळवी गोष्ट वाटते, पण तिचा हिशोब मांडलेला आहे. नॉर्वेत 2001पासून प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत सुमारे 25 टक्के कमी आढळला, तातडीनं भरती होण्याचं प्रमाणही सुमारे 28 टक्क्यांनी कमी दिसलं. अशा अभ्यासातून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही हे मान्य. तरी एखाद्या गोळीनं एवढा फरक दाखवला असता तर तिच्या जाहिराती आपण रोज पाहिल्या असत्या. ब्रिटनमध्ये 1948पासून डॉक्टरला मुख्यतः त्याच्या यादीतल्या माणसांच्या संख्येवर पैसे मिळत आले आहेत. तुम्ही आजारी पडा न पडा, तुम्ही त्याचे आहात. तिथंही आज डॉक्टरची वेळ मिळायला लोक कंटाळलेले आहेत, त्यामुळे स्वर्ग कुठेच नाही. पण न टोचलेल्या सुईनं डॉक्टरचं नुकसान होऊ नये, एवढी अक्कल त्या रचनेत आहे.

आपल्याकडे विचार झाला नव्हता असंही नाही. 1946च्या भोर समितीनं डॉक्टर हा समाजाचा डॉक्टर असावा असं धरून आखणी केली होती, अल्प मुदतीत दर 40,000 लोकांमागे एक प्राथमिक केंद्र सांगितलं होतं. केंद्रं झाली. मात्र शहरातला बाह्यरुग्ण जवळपास सगळा खासगी दवाखान्यांवर सोडून दिला गेला. महात्मा फुले जन आरोग्य योजना भरती झालेल्या माणसाच्या मोठ्या उपचारांसाठी आहे. बहुतेक खासगी विमाही भरती झाल्याशिवाय दाद देत नाही. म्हणजे पैसा आजार वाढल्यावर येतो. आईला त्या रुग्णालयात दोन दिवस ठेवलं असतं तर विम्यानं बिल भरलं असतं, आणि पिशवी उपडी केल्याबद्दल तोच विमा एक छदामही देत नाही. 2022पासून मुंबईत आणि मग राज्यभर 'आपला दवाखाना' उघडला, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथला डॉक्टर वर्षानुवर्षं तोच राहील एवढं जरी पाहिलं गेलं, तरी त्याचं मोल दुप्पट होईल.

एवढं लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणं लबाडी ठरेल. ओळखीच्या दवाखान्याचं आपण फार गोड चित्र रंगवतो. तिथं तपासणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा असतो आणि आतल्या बाईची तक्रार बाहेरच्या बाकाला ऐकू जाते. म्हणून कितीतरी बायका सांगायची ती गोष्ट सांगतच नाहीत. ओळखीनं डोळ्यांवर झापडंही येतात. आमच्याच नात्यातल्या एकांच्या छातीत जळजळत होतं. "तुमचं पित्त जुनंच" म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं, आणि ते हृदयविकाराचं दुखणं निघालं. ते वाचले, ते रिक्षावाल्यामुळे. एका पॅथीत शिकायचं आणि दुसऱ्या पॅथीची औषधं लिहायची, हा तर महाराष्ट्रातल्या दवाखान्यांचा जुना तंटा आहे. दहा खाटांच्या नर्सिंग होमला 1949च्या कायद्यानं नोंदणी लागते, खाट नसलेल्या दवाखान्याला त्याचा धाक नाही. तेव्हा विश्वास टाकायचा तो डोळे उघडे ठेवून. औषधाचं मूळ नाव विचारावं, कागद आपल्या घरी फायलीत लावावेत, आणि "बघू" म्हटलं तर "काय दिसलं तर परत येऊ?" हे विचारावंच. या प्रश्नावर जो चिडतो त्याचं "बघू" खरं नाही.

1995 साली सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. ते व्हायलाच हवं होतं. पण आपण ग्राहक होताना फक्त तक्रारीपुरते झालो. मोबदल्याच्या बाजूनं आपण अजून पुडीच्या काळातच आहोत. वकिलानं "हा दावा लावू नका" असं सांगितलं तरी आपण त्याची फी देतो, कारण त्यानं आपला पैसा आणि दहा वर्षं वाचवलेली असतात. डॉक्टरनं "हा एमआरआय करू नका" म्हटलं की आपण हात जोडून बाहेर पडतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरनं आपली फी दवाखान्यात स्पष्ट लावायला हवी. गल्लीतल्या किती दवाखान्यांत ती दिसते? तपासणीची फी वेगळी, औषधाचे पैसे वेगळे, अशी दोन ओळींची पाटी लागली तर डॉक्टरलाही संकोच उरणार नाही. आणि ज्याला ती फी परवडत नाही त्याची सोय करणं हे सरकारी योजनेचं काम आहे. ते आजवर डॉक्टरच्या उधारीच्या वहीवर चाललं आहे.

गेल्या महिन्यात मी आमच्या डॉक्टरांना हे सगळं ऐकवलं. ते हसले, म्हणाले, "बोर्ड रंगवायला रंगारी कुठे मिळतो आता?" तेव्हा पाटी लागेल तेव्हा लागेल. पुढच्या खेपेला तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला नीट तपासून, काहीही न देता घरी पाठवलं, तर दारातून मागे फिरा, तपासणीची फी विचारा, आणि ते नको म्हणाले तरी टेबलावर ठेवून या.