सही ही साक्ष आहे




अल्लाहचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी तुम्हा-आम्हांतील प्रत्येकाला मेंढपाळाची उपमा दिली आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेल्या या हदीसचा आशय असा की, प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी जाब विचारला जाईल. पुरुषाला त्याच्या कुटुंबाविषयी आणि स्त्रीला तिच्या घराविषयी व मुलाबाळांविषयी विचारणा होईल. दिवसभर कळप कोणाच्याही हवाली केला, तरी संध्याकाळी मेंढरे मोजण्याचे काम मेंढपाळालाच करावे लागते. कोणते लंगडते, कोणते उपाशी आहे आणि कोणते परतलेच नाही, हे त्याला ठाऊक असावे लागते.

आपली मुले दिवसाचे पाच-सहा तास शाळेत असतात. त्या तासांचा हिशेब आपण कधी घेतो का? फी भरली, गणवेश शिवला, दप्तर आणले की आपले कर्तव्य संपले, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आहे. सूरह तहरीमच्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना स्वतःला व आपल्या कुटुंबीयांना आगीपासून वाचविण्याची आज्ञा आहे. ज्या मुलाला वाचता येत नाही, हिशेब येत नाही आणि खरे-खोटे पारखता येत नाही, ते मूल दीन तरी कसे समजून घेणार? म्हणून शाळेचा प्रश्न हा आपल्या परलोकाचाही प्रश्न आहे.

आता एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ आहे. शाळेचा शिपाई एक वही घेऊन दारात उभा आहे. घरातील माउली शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, पण बैठक कधी झाली, कशासाठी झाली, हे तिला ठाऊक नाही. शिपाई बोट ठेवतो तेथे ती सही करते. ती घरी नसेल, तर तिचा पती तिच्या नावाने सही करून मोकळा होतो. शिपाई पुढच्या घरी जातो. हे दृश्य आपल्या वस्त्यांना अनोळखी नाही.

त्या वहीत काय लिहिलेले असते, ते जाणून घ्या. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्यात कलम 21 आहे. त्यानुसार जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आदींच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेले अनुदान योग्य रीतीने खर्च होते की नाही हे पाहणे, ही समितीची कामे कायद्यानेच ठरविली आहेत. विनाअनुदानित खाजगी शाळांची व अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांची व्यवस्था वेगळी आहे. तेथे पालक-शिक्षक संघ असतो. नाव वेगळे असले, तरी पालकाची जबाबदारी तीच राहते.

म्हणजे त्या वहीवरील सही सांगते की, मी बैठकीला हजर होतो, हा खर्च मी पाहिला आणि हा ठराव मला मान्य आहे. बंधू-भगिनींनो, याला आपल्या धर्मात शहादत म्हणतात. साक्ष लपवू नका, जो लपवितो त्याचे अंतःकरण पापी आहे, असा इशारा सूरह बकराच्या 283 व्या आयतीत आहे. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत तर स्वतःच्या वा आई-वडिलांच्या विरुद्ध जात असली, तरी खरी साक्ष देण्याचा आदेश आहे. खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) मोठ्यात मोठ्या पापांत केली आहे. न्यायालयात खोटी साक्ष देताना ज्याचा थरकाप होईल, तोच माणूस दारात उभ्या उभ्या न वाचलेल्या कागदावर सही करतो आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटतही नाही. त्या सहीमागे दोनशे मुलांचा हक्क असू शकतो.

शालेय पोषण आहाराचेच उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलासाठी 150 ग्रॅम धान्य ठरलेले आहे. हजेरीपटावर मुले जास्त आणि पंगतीत कमी असतील, तर मधले धान्य कोठे गेले? हजरत शुऐब (अलै.) यांच्या लोकांना मापात खोट केल्याबद्दल ताकीद दिली गेली होती आणि सूरह मुतफ्फिफीनचा आरंभच मापात मारणाऱ्यांच्या विनाशाच्या इशाऱ्याने होतो. जो माप मारतो तो दोषी आहेच, पण माप बरोबर होते असे सही करून सांगणारा निर्दोष कसा ठरेल?

काही जण म्हणतील, आम्ही अडाणी माणसे, आम्हाला त्यातले काय कळते? बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी देण्यास धन नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी अन्सारांच्या मुलांना लिहिणे शिकवावे आणि मुक्त व्हावे, अशी सोय प्रेषितांनी (स.) केली. प्रेषित (स.) स्वतः उम्मी होते. तरीही त्या समाजाच्या मुलांच्या पाटी-पेन्सिलीची चिंता त्यांनी युद्धाच्या धामधुमीत केली. इमाम शाफई (रह.) यांच्या आईचेही स्मरण करा. पती वारलेले, घरात शिक्षकाला द्यायला पैसा नाही. तरी तिने मुलाला मक्केला आणून शिक्षकाकडे पाठविले आणि त्याची हुशारी पाहून शिक्षकांनी मोबदल्याविना त्याला शिकविले. त्या माउलीपाशी मुलाची तळमळ होती आणि तेवढ्याने काम झाले.

शिक्षक रोज वर्गात येतात का, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, खिचडीला वास येतो का, उर्दू शाळेत गणिताचे पद किती महिने रिकामे आहे, हे पाहायला पदवी लागत नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरावी, असे कायदा सांगतो. हे दिवस तर अंगठा लावणारा बापही दिनदर्शिकेवर खुणा करून मोजू शकतो.

भगिनींनो, तुमच्याशी विशेष बोलायचे आहे. हजरत खौला बिन्ते सालबा (र.) आपल्या पतीविषयीची तक्रार घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या, त्यांनी आपली बाजू आग्रहाने मांडली आणि त्यांचे बोलणे अल्लाहने ऐकले, असे सांगतच सूरह मुजादलाचा आरंभ होतो. एका स्त्रीची फिर्याद आकाशापलीकडे ऐकली गेली. मग शाळेच्या बैठकीत आपला आवाज कोण ऐकणार, असे म्हणून तुम्ही मागे का राहता? सातवीतली मुलगी शाळा का सोडते, याचे उत्तर आईइतके कोणाला ठाऊक असते? आणि बंधूंनो, पत्नीची जागा पत्नीची आहे. तिच्या नावाने सही करणे ही खियानत आहे. तिला बैठकीला जाऊ द्या. त्या दिवशी चूल तुम्ही सांभाळा.

मात्र जाब विचारण्याचेही अदब आहेत. सूरह मायदाच्या आठव्या आयतीनुसार एखाद्या समूहाविषयीच्या रागानेही आपल्याला न्यायापासून ढळू द्यायचे नाही. शिक्षकावर चारचौघांत आवाज चढवू नका. त्यांच्यावर इतर कामांचा किती भार आहे, तेही विचारा. ईमानधारक आपली कामे आपसांतील सल्लामसलतीने करतात, असे सूरह शूरा सांगते. बैठकीत शेजारच्या मराठी, गुजराती, बौद्ध, हिंदू पालकांनाही विश्वासात घ्या, कारण गळके छप्पर सर्वांच्याच मुलांवर गळते. बोलून काम झाले नाही, तर कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, अशी तरतूद आहे.

हातावर पोट असलेल्यांसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणे ही लहान गोष्ट नाही, हे मान्य आहे. म्हणून बैठकीची वेळ पालकांच्या सोयीची ठेवावी, असा पहिला ठराव तुम्हीच मांडा. मशिदीच्या जबाबदार मंडळींनी जुमाच्या नमाजनंतर बैठकीची तारीख जाहीर करावी. ज्याला पद हवे, पण वेळ द्यायचा नाही, त्याने ती जागा दुसऱ्यासाठी सोडावी. अमानती त्यांच्या पात्र माणसांकडे सोपविण्याची आज्ञा सूरह निसाच्या 58 व्या आयतीत आहे आणि समितीची खुर्ची हीसुद्धा अमानतच आहे.

पुढच्या वेळी वही दारात आली, तर एवढेच करा. शिपायाला नम्रपणे बसवा, पाणी द्या आणि सांगा, “भाऊ, सही मी शाळेत येऊन, वाचून करीन.” हे एक वाक्य उच्चारणे कठीण वाटेल. परंतु ज्या दिवशी आपले हात आपल्याविरुद्ध बोलतील, त्या दिवशी हे वाक्य आपल्या कामी येईल.

हे अल्लाह, आमच्या मुलांना लाभदायक ज्ञान दे. आमच्या हातून खोटी साक्ष घडू देऊ नकोस आणि आम्हाला आमच्या कळपाचे जागे राखणदार बनव. आमीन.