उगवत्या सूर्याचे पैसे

कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. शनिवारी मध्यरात्रीनंतर बारी गावातून बॅटऱ्यांची रांग वर सरकते, पुढं आमच्यातलाच एखादा पोरगा वाटाड्या. वर धुकं असलं, सूर्य दिसला नाही, की काही पाहुणे ठरलेले पैसे कापतात. पैसे ठरले होते कशाचे? सूर्य काय, चिखलात आवणी करणाऱ्या बाईलाही फुकट. निसरडा दगड कुठं, लोखंडी शिडी कुठं, हे अंधारात पोराचे पाय जाणतात. दमलेल्याची सॅकही तोच घेतो. पाऊस आला नाही म्हणून नांगरणाऱ्याची मजुरी कोणी कापतं का? पोरगं उलट मलाच समजावतं, "नाना, लांबून आलेत, हिरमुसलेत. जाऊ द्या." हा त्याचा मोठेपणा, की पुढचं गिऱ्हाईक तुटायची भीती, मला अजून उमगलेलं नाही.