नजरेचे मुखत्यारपत्र

आपल्या वतीने दुसऱ्याने पाहिले, तर पाहण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? एका जुन्या कॅमेऱ्याच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. जपानमधील कोनिका कंपनीने १९७७ साली ‘सी ३५ एएफ’ हा कॅमेरा विक्रीस आणला. अंतर स्वतः जोखून भिंग जुळविणारा, मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेला हा पहिलाच कॅमेरा. ३८ मिलिमीटरचे भिंग, अंगचाच फ्लॅश, आणि आत अमेरिकेतील हनीवेल कंपनीने सिद्ध केलेला चिमुकला यंत्रभाग. दर्शनी बाजूच्या दोन खिडक्यांतून दोन प्रतिमा आत येतात; एक आरसा स्थिर, दुसरा फिरता; प्रतिमा जेथे अधिकांत अधिक जुळतात, तेथे भिंग थांबते. माणसाचे दोन डोळे तरी निराळे काय करतात?

परंतु डोळ्यांमागे मन असते. या यंत्राची नजर चौकटीच्या मध्यावर खिळलेली. दोघे शेजारी उभे राहिले आणि मध्ये वीतभर जागा उरली, की ते त्या फटीतून मागची भिंत पाहते. भिंत रेखीव उमटते, माणसे धूसर.

यात यंत्राचा दोष कोणता? जुळणी सांगितली होती, ती त्याने केली. महत्त्वाचे काय, हे कोणी सांगितलेच नव्हते. आम्हां सरकारी माणसांस हा प्रकार अपरिचित नाही. टिपणी नियमांत बसते, क्रमांक-दिनांक चोख असतात, आणि जिच्या निवृत्तिवेतनाचा तो कागद, ती विधवा अंधुकच राहते. ‘नियमानुसार’ असे लिहिले, की पाहण्याचे काम अन्य कोणी केले असे आपण धरून चालतो.

मग हातानेच भिंग फिरवीत बसावे काय? तसा आमचा आग्रह नाही. ज्यांना अंतराचे आकडे कधी उमगले नसते, अशा कित्येकांनी या यंत्राने आपली मुलेबाळे टिपून ठेवली. सोय ही क्षुद्र गोष्ट नव्हे. पुढे ऑलिंपसच्या ‘म्यू-२’ (१९९७) सारख्या कॅमेऱ्यांत एक शहाणी तडजोड आढळते. मध्यबिंदू हव्या त्या चेहऱ्यावर ठेवून बटण अर्धेच दाबावे. यंत्र ते अंतर धरून ठेवते. मग चौकट मनाजोगती वळवून उरलेले अर्धे दाबावे. मोजणी यंत्राची, निवड आपली.

तो अर्धा दाब मात्र घाईत राहून जातो. गाडी सुटण्याची वेळ. फलाटावर वडील, शेजारी आई, दोघांच्या मधून मागची पाणपोई दिसते आहे. रीळ धुऊन येते, तेव्हा आपण पुन्हा परप्रांती असतो.